कापूस घातलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. डब्याला कसली आलीय भीती, असं म्हणून हसू नका. ज्याच्या पोटात दुसऱ्याचा जीव ठेवलेला असतो ना, त्याला भीती वाटतेच. मला तोंड आहे, पण ते दुसऱ्या कुणालातरी उघडावं लागतं. सगळं कळत असतं, डोळ्यांदेखत घडत असतं, आणि एक शब्द बोलता येत नाही. असं मी सव्वा वर्ष काढलं. शत्रूवरसुद्धा अशी वेळ येऊ नये.

पण सुरुवातीपासून सांगतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नसरापूरच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीतून धोंडाबाई नावाची आजी आली आणि तिने सतरा डबे वाजवून बघून मला निवडलं. तिची लेक बनाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, नाव ठेवलं गायत्री. आता बाळंतीण बाळाला घेऊन सासरी, भोरजवळच्या उत्रोलीला निघायची होती, म्हणून डबा हवा होता. दुकानदाराने टकटक करत माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी 'बनाबाई' असं नाव घातलं. मला गुदगुल्या झाल्या आणि लई ऐटही आली.

धोंडाबाईने मला डिंकाच्या लाडवांनी गच्च भरलं. खारीक, खोबरं, तूप, काही कमी केलं नाही. "रोज दोन खा," तिने लेकीला बजावलं. "दूध आटू द्यायचं न्हाई. पोरीचं पोट भरलं पायजे." उत्रोलीत शेजारणी मला हातात घेऊन बघायच्या. डबा झ्याक आहे, लाडू त्याहून झ्याक आहेत, म्हणायच्या. बनाबाई रोज दोन लाडू खायची आणि लेकीला पोटभर पाजायची. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच, साधारण दीड महिन्याचे.

बनाबाईचा नवरा गेनू ट्रक चालवायचा. कापूरहोळच्या फाट्यावरून माल भरून निघाला की महिना महिना यायचा नाही. माणूस वाईट नव्हता, लेकीसाठी खाऊ आणायचा. पण कुठल्यातरी मुक्कामावरून तो एक आजार अंगात घेऊन आला होता. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. त्याने तो बनाबाईला दिला, नेमका ती अंगावर पाजत होती त्याच दिवसांत.

पुढे गेनू वाळत गेला. गावातल्यांनी करणी म्हटलं, बाहेरचं म्हटलं, अंगारे लावले. गायत्री चार वर्षांची असताना तो गेला. मग वर्षभरात पोरगी आजारी पडायला लागली. जुलाब थांबेनात, ताप उतरेना, पाच वर्षांची पोर तीन वर्षांची दिसायची. बनाबाईने तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता. एचआयव्ही. मायलेकी दोघींना. आणि लेकीला तो दुधातून आला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी बनाबाईने मला फडताळातून काढलं.  मग "तुझ्यातलंच खाल्लं आन् पाजलं!" असं ओरडून मला भिंतीवर हाणलं. माझ्या तोंडाशी पोचा पडला तो अजून आहे. झाकण तिथे अडतं. मला राग आला नाही, मित्रांनो. मला तिची भीती वाटली आणि तिच्यासाठीही वाटली. लाडवांचा काय दोष होता, आणि तिचा तरी काय? पण मला माळ्यावर टाकलं गेलं, गंजके खिळे आणि जुन्या दोऱ्यांच्या गुंड्यांमध्ये.

तिथून मला खाली आणलं एका आवाजाने. गायत्रीला सरकारी सेंटरवरून औषध फुकट मिळायला लागलं होतं. जवळ कुणी ओळखायला नको, म्हणून मायलेकी एसटीने पुण्यालाच जायच्या. येताना पिशवीत गोळ्यांची प्लास्टिकची बाटली खुळखुळायची, आणि बनाबाईच्या काळजाचं पाणी व्हायचं. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं तर? शेवटी तिने गोळ्या माझ्यात ओतल्या आणि वर कापूस दाबून बसवला. मी गप्प झालो. तांदळाच्या कणगीमागे माझी जागा ठरली.

सतरा वर्षं मी ते काम केलं. रोज संध्याकाळी आठ वाजता माझं झाकण उघडायचं, एक गोळी जायची आणि पोरगी एक दिवस पुढे जायची. ती वाढली, शाळेत गेली, दहावी झाली, बारावी झाली. महिन्याच्या महिन्याला सेंटरवर गोळ्या देणारे कुमार सर मला कागदावर उपडं करून उरलेल्या गोळ्या मोजायचे. हिशोब बरोबर आला की म्हणायचे, "शाब्बास!" आणि मला वाटायचं, ती शाबासकी मलाच आहे.

आता एक विचित्र गोष्ट ऐका. इतक्या वर्षांत बनाबाईला काहीच झालं नाही. गोळी एक नाही, तरी ताप नाही की खोकला नाही. त्या काळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या तरच औषध सुरू करायचे, आणि तिच्या कधी कमीच झाल्या नाहीत. पुढे नियम बदलला, लागण झालेल्या प्रत्येकाने औषध घ्यायचं असं ठरलं. पण बनाबाई दर वेळी म्हणायची, "बघू की म्होरच्या खेपंला. मला काय धाड भरलीया?"

मग एक दिवस सेंटरवर डॉक्टर सुलक्षणा मॅडम आल्या. अशा माणसांवर त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी बनाबाईची परवानगी घेऊन रक्त नेलं आणि काही महिन्यांनी दोघींना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मी गायत्रीच्या मांडीवर होतो, म्हणून मीही ऐकलं.

मॅडम म्हणाल्या, "आपल्या शरीरात कोट्यवधी पेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक घर समजा. घराबाहेर खुंट्या असतात. आत विषाणू शिरला, की पेशी त्याचा एक तुकडा खुंटीवर टांगते. गस्त घालणाऱ्या पेशी तो बघतात आणि ओळखतात, या घरात चोर आहे. पण हा चोर भारी बेरकी. आज सदरा बदलतो, उद्या टोपी बदलतो, मग गस्तवाल्यांना तो ओळखू येत नाही. आता खुंट्या प्रत्येक माणसाच्या वेगळ्या, जन्मापासूनच. बनाबाई, तुमची एक खुंटी अशी आहे, की तिच्यावर चोराचा सदरा नाही, पायाचा अंगठाच अडकतो. सदरा बदलता येतो, पाय कसा बदलेल? बदलायला गेला तर लंगडा होतो. म्हणून तो मेलेला नसला, तरी दबून आहे."

बनाबाई हरखली. "म्हंजे माझ्या रक्तातच औषध हाय म्हना की!"

मॅडम हसल्या. "तसं म्हणा हवं तर," म्हणाल्या. बाहेर रांग मोठी होती.

त्या एका वाक्याने घात केला, मित्रांनो. गायत्रीची मांडी माझ्याखाली एकदम ताठ झाली, ते मला कळलं होतं.

परतीच्या एसटीत उत्रोलीचीच एक आजी भेटली. मायलेकींकडे बघून म्हणाली, "काय गं बाई, सही सही आई! मातृमुखी सदा सुखी." ही म्हण मुलग्यासाठी वापरतात, हे त्या आजीलाही ठाऊक असेल, पण आमच्याकडे सगळे गायत्रीला हेच म्हणायचे. होतीच ती तशी. तोच गोल चेहरा, तेच राठ केस, हनुवटीवर तोच तीळ, आणि आईसारखीच डावरी. आजवर ती नुसती हसायची. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत बसली.

तेव्हा ती कापूरहोळला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला लागली होती. घरी यायला कधी साडेआठ वाजायचे. मैत्रिणी विचारायच्या, रोज कसली गं गोळी? शक्तीची, असं ती सांगायची. खोटं बोलून बोलून पोरगी थकली होती, हे मी तिच्या बोटांवरून ओळखत होतो. पूर्वी ती झाकण पटकन उघडायची, आता आधी उंबऱ्याकडे बघायची.

दोन दिवसांनी आठचा गजर झाला. तिने मला कणगीमागून काढलं, उघडलं, आत बघितलं आणि तसंच बंद केलं. गोळी काढलीच नाही. मला वाटलं, विसरली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला कळलं, ही विसरलेली नाही.

महिनाभर ती मला तसंच बंद ठेवायची. सेंटरवर जायच्या आदल्या संध्याकाळी मात्र उघडायची. हिशोबात उरायला हव्यात तेवढ्या ठेवायची आणि बाकीच्या मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतायची. दुसऱ्या दिवशी कुमार सर मोजायचे. "शाब्बास गायत्री, एकही चुकली नाही!" अहो, सगळ्या चुकल्यात, सगळ्या! मी आतून किती ओरडलो म्हणून सांगू. पण डब्याचं ओरडणं डब्यातच राहतं.

बनाबाईला याचा पत्ता नव्हता. लेक अठरा वर्षांची झाली तेव्हाच तिने सांगितलं होतं, "आता तू शाणी झालीस, तुझा डबा तू सांभाळ." त्यानंतर तिने मला कधी उघडलं नव्हतं. विश्वास होता तिचा.

पहिले काही महिने गायत्रीला काहीच झालं नाही, आणि मला याचीच सर्वात जास्त धास्ती वाटली. ती आरशात बघायची, गालावरून हात फिरवायची आणि खूश व्हायची. तिला वाटलं, आईची खुंटी आपल्यातही आहे. रक्तात चोर किती झालेत, हे मोजणारी तपासणी वर्षातून एकदा असायची. त्या दिवशी दुकानात माल उतरायचा आहे असं सांगून तिने आईलाच मला घेऊन पाठवलं. रक्त द्यायचं राहून गेलं.

मग खोकला आला. दुकानातल्या धुळीचा, ती म्हणाली. वजन उतरलं. जेवण जात नाही, कामाचा ताण आहे, म्हणाली. मग जिभेवर पांढरा थर दिसायला लागला. गेनूच्या जिभेवर मी तो फडताळातून बघितला होता. मित्रांनो, त्यानंतर मला एक दिवस चैन पडली नाही. बनाबाई काढे करून देत होती, लेकीच्या पाठीला तेल लावत होती, आणि औषध मात्र माझ्या पोटात पडून होतं, हाताच्या अंतरावर.

गौरी-गणपती नुकतेच आटोपले होते. गायत्री तापाने फणफणली होती, गोधडीत कुडकुडत होती. आठ वाजता मोबाईलचा गजर वाजला. तिने हात लांबवून तो बंद केला आणि कूस बदलली.

"थांब, मी देते गोळी," बनाबाई म्हणाली.

"राहू दे आई, मी घेईन नंतर."

"ताप हाय म्हून गोळी चुकवायची व्हय?" असं म्हणत बनाबाईने मला कणगीमागून उचललं. माझं झाकण पोच्यापाशी नेहमी अडतं, चार हिसके द्यावे लागतात. त्या दिवशी ते एका झटक्यात निघालं. स्टीलला काही करता येत नाही म्हणतात. म्हणोत बापडे.

तिने कापूस काढला आणि ती थबकली. चार दिवसांवर सेंटरची तारीख होती, म्हणजे तळाशी चारदोन गोळ्या हव्या होत्या. तिने मला जमिनीवर उपडं केलं. लिहावाचायला तिला येत नाही, पण भाताच्या रोपांच्या मुठी मोजून उभा जन्म गेलेला. तिने पाच पाचचे ढीग केले. सहा ढीग झाले आणि वर दोन उरल्या. तिने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं.

"गायत्री, ह्या बत्तीस गोळ्या हितं कशा?"

गायत्रीने गोधडी तोंडावर ओढली.

"बोल की गं! दातखीळ बसली का?"

"मी बंद केल्यात."

"कवापासनं?"

"मागच्या उन्हाळ्यापासनं."

 गायत्री उठून बसली आणि रडत रडत एकदमच बोलायला लागली. "तू कुठं घेतेस आई? तुला काय झालं? तुझ्या रक्तातच औषध हाय, मॅडमच म्हणाल्या की. मग मी कुणाची लेक हाय? तोंड तुझं, केस तुझं, हात तुझा. अख्खं गाव म्हणतं मातृमुखी, मातृमुखी! सतरा वर्षं लपूनछपून गोळ्या खाल्ल्या मी. वाटलं, आता पुरे. मला पण तुझ्यासारखं व्हायचं होतं."

बनाबाईने हात उगारला. मला वाटलं, आता हाणते. पण तो हात तिने लेकीच्या तापल्या कपाळावर ठेवला. "अगं येडे," ती म्हणाली, "तोंड माझं घेतलंस म्हून समदं माझंच घेतलंस व्हय? तुझ्या बापाचं काय न्हाईच का तुझ्यात?" आणि मग अगदी हळू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने ते बोलून दाखवलं, "दूध मातुर माझंच घेतलंस गं. त्याच्यातनंच आलं हे."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्यामध्ये रिकामा पडलो होतो, बत्तीस गोळ्या आजूबाजूला.

सकाळी शेजारच्या चिमाजीभाऊंनी टेम्पोतून दोघींना पुण्याला नेलं. मी बनाबाईच्या ओटीत होतो. दवाखान्यात कळलं, की पोरीला छातीचा क्षय झालाय आणि पांढऱ्या पेशी शंभराच्याही खाली गेल्यात. निरोगी माणसाच्या पाचशेच्या वर असतात. बनाबाईला आकडे कळले नाहीत, पण डॉक्टरांचा आवाज कळला. तिने मला इतकं घट्ट धरलं, की माझ्यावर तिच्या घामाचे ठसे उमटले.

सुलक्षणा मॅडम धावत आल्या. त्यांनी गायत्रीचं रक्त तपासायला पाठवलं आणि काही दिवसांनी येऊन खाटेशी बसल्या. "गायत्री, तुझ्यात ती खुंटी नाही," त्यांनी सांगितलं. "त्या जागी प्रत्येकाला दोन खुंट्या मिळतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. तुझ्या आईकडेही दोन होत्या, पण लेकराला देताना दोनातली एकच जाते. कुठली जाईल, ते कुणाच्या हातात नसतं. तुला दुसरी आली. चेहरा कसा आहे त्यावर हे ठरत नाही. आणि ती खुंटी मिळाली असती, तरी भरवसा नव्हता. ती असूनही आजारी पडलेली माणसं मी बघितलीत."

"मग मला दुधातनं कसं आलं? आईच्या अंगात तर चोर दबलेला होता ना?" गायत्रीने विचारलं.

"तेव्हा लागण नवी होती. गस्तवाले जागे व्हायच्या आधी काही आठवडे चोरांचंच राज्य असतं. त्याच आठवड्यांत तू पीत होतीस." मॅडमनी गायत्रीचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. "चूक माझीही आहे. त्या दिवशी मी निम्मंच सांगितलं, आणि वर हसून 'तसं म्हणा' म्हणाले."

आता एकच प्रश्न होता, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होता. जुनी गोळी पुन्हा लागू पडेल का? की मधल्या काळात चोर फार शेफारला? आधी क्षयाचं औषध, मग जरा दिवसांनी या गोळ्या, असं सुरू झालं. उत्तर कळायला सहा महिने लागणार होते. सहा महिने, मित्रांनो! रोज आठला माझं झाकण उघडायचं आणि मला वाटायचं, ही गोळी कामाला येईल, की नुसतीच पोटात जाईल?

दवाखान्यातून निघायच्या दिवशी बनाबाई कुमार सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "सर, माझ्या बी गोळ्या द्या."

सरांनी पेन खाली ठेवलं. "सात वर्षं सांगतोय मावशी. आज कसं काय?"

"मॅडम म्हनत्यात, चोर दाबून धराया बी अंग झिजतं. ते तर हायेच. पन त्याच्यासाठी न्हाई." तिने लेकीकडे बघितलं. "मी घेत न्हाई हे बघून हिनं टाकल्या. माझं रक्त कुठलं गेलं ते द्येवाला ठाऊक, पन माझं वागनं मातुर हिनं पुरतं उचललं."

तेव्हापासून माझ्यात दोघींच्या गोळ्या असतात. आठ वाजले, की आधी आई घेते, मग लेक.

सहा महिन्यांनी रक्त तपासायला दिलं, आणि पुढच्या खेपेला कुमार सरांनी कागद उघडला. बनाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिला बघवत नव्हतं. सर म्हणाले, "दबला! मोजण्याइतकासुद्धा सापडत नाही." बनाबाई तिथेच फरशीवर बसून हुंदके द्यायला लागली. मीही रडलो असतो, पण माझ्यात गोळ्या होत्या, त्या ओल्या करून चालणार नव्हतं.

त्या दिवशी एसटीत बसायच्या आधी गायत्रीने माझं झाकण उघडलं, कापूस बाहेर काढला आणि टाकून दिला. "वाजू दे," म्हणाली. कात्रजच्या वळणावर मी खुळखुळलो. इतक्या वर्षांनी आपलाच आवाज ऐकून मी दचकलो. शेजारची बाई वळली. "काय वाजतंय गं पिशवीत?"

माझा जीव गोळा झाला. बनाबाईने पिशवी मांडीवर नीट घेतली.

"गोळ्या हायत्या," ती म्हणाली. "आमा मायलेकींच्या."

बाई "बरं" म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. एवढंच झालं. एवढ्यासाठी आम्ही इतकी वर्षं घाबरलो होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कणगीमागे, गादीखाली, कपाटाच्या कोपऱ्यात एखादा गप्प केलेला डबा असेल. त्याला नुसता विश्वासावर सोडून देऊ नका. प्रेमाने उघडा, आत किती उरल्यात ते बघा. डॉक्टर निम्मं सांगून थांबले, तर उरलेलं निम्मं विचारा. आणि कुणाचा तोंडावळा बघून त्याच्या औषधाचा निकाल लावू नका, कारण आत कुठल्या खुंट्या आहेत ते वरून दिसत नाही. आम्ही डबे भित्रे असतो आणि मुकेही असतो. पुढचं तुमच्या हातात आहे.

आठ वाजत आलेत. बनाबाई उठली बघा. आज माझ्यात सोळा आहेत. झाकण पडेल तेव्हा चौदा असतील, आणि तोवर माझी धाकधूक थांबायची नाही.